सिद्धेशची अम्मी

धुक्यामुळे पुष्पक एक्सप्रेस इतकी रखडली की सकाळी यायच्या पाहुण्या पार दुपारी लखनौच्या स्टेशनावर उतरल्या. मुक्ता शाल लपेटून तोवर प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होती. डब्याच्या दारातून आधी प्रतिमाचा आवाज आला, मग प्रतिमा, आणि तिच्यामागून दोन बॅगा आणि चित्रांची वही सांभाळत विजया.

पुण्याला कॉलेजात असताना तिघी हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायच्या. पुढे विजया सांगलीला शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली, प्रतिमा पुण्यातच बँकेत लागली. मुक्ताने दिनकरशी लग्न केलं आणि त्याच्या नोकरीपायी ती इथे आली. दिनकर सरकारी औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता. दर वर्षी दोघी म्हणायच्या, यंदा थंडीत तुझ्याकडे येतो, इमामबाडा बघतो, चिकनचे कुर्ते घेतो, आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. पंचाण्णव सालच्या संक्रांतीनंतर मात्र शनिवार-रविवारला जोडून रजा काढून त्या खरंच आल्या.

तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मुक्ताने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. सिद्धेश गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. आता कुणीतरी त्याचं नाव घेईल, मग तिला रडता येईल, असं तिला वाटलं होतं.

"बारीक झालीस गं," प्रतिमा म्हणाली. "आणि काय ही थंडी! माझ्या नाकाचा शेंडा आहे का बघ बाई जागेवर."

विजया हसली. मुक्ताही हसली. मग हमाल आला.

सिद्धेश तिचा एकुलता एक. कानपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्र्याण्णवच्या डिसेंबरात शनिवारी सकाळी घरी यायला निघाला आणि उन्नावजवळ धुक्यात त्याची बस उभ्या ट्रकवर आदळली. तो एकोणीस वर्षांचा होता. वर्षश्राद्ध होऊनही आता महिना उलटला होता. तेराव्याला पुण्या-सांगलीहून नातेवाईक आले आणि गेले. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. दिनकरने त्याचा तबला चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला, फोटो कपाटात ठेवला आणि तो पुन्हा संस्थेत जायला लागला. मुक्ताने एक-दोनदा विषय काढून पाहिला. दिनकर उठून बाहेर गेला आणि बागेला पाणी घालत राहिला. तेव्हापासून तिनेही नाद सोडला.

त्यांचं घर जानकीपुरमला. तेव्हा तिथे घरं थोडी आणि रिकामे प्लॉटच जास्त होते, पलीकडे मोहरीची शेतं. दिनकर फाटकातच उभा होता. एरवी पाहुण्यांसमोर चार शब्दांच्या पुढे न जाणारा हा माणूस त्या दिवशी भलताच बोलका झाला होता. गाडी कुठे थांबली, धुकं कधी उठलं, गाजरं इथे काळी कशी मिळतात, एकामागून एक काढत होता. बॅगा त्याने स्वतः उचलून सिद्धेशच्या खोलीत नेल्या. पाहुण्यांसाठी म्हणून पंधरवड्यापूर्वी त्याने ती खोली रंगवून घेतली होती. भिंतीवर सिद्धेशने पेन्सिलीने लिहिलेले तबल्याचे बोल होते, तेही चुन्याखाली गेले. मुक्ता स्वयंपाकघरात होती, तिला कळलं तेव्हा पुचारा मारून झाला होता.

"वा, उजेड किती छान आहे इथे!" प्रतिमा दारातच थबकून म्हणाली. आवाज जरा चढाच होता.

जेवताना गप्पा रंगल्या. हॉस्टेलच्या बाई, चोरून पाहिलेले सिनेमे, विजयाने भिंतीवर काढलेलं प्राचार्यांचं चित्र. "आमची जुई यंदा बारावी झाली की तिला पण इंजिनि..." म्हणता म्हणता प्रतिमा अडखळली. तिने विजयाकडे पाहिलं, विजयाने ताटाकडे. "हे लोणचं कसलं गं, मुक्ता? मस्तच आहे."

"सलगमचं, मुळ्यासारखा कंद असतो," मुक्ता म्हणाली. दिनकर म्हणाला, "अजून घ्या ना."

आणि मुक्ताच्या मनात आलं, माझ्या घरात ही तिघं मिळून माझ्यासमोरून काहीतरी उचलून नेताहेत.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दिनकरला संस्थेत काम होतं, म्हणून तिघीच बाहेर पडल्या. बड्या इमामबाड्यात विजयाचं भान हरपलं. एवढा मोठा दिवाणखाना, मधे एक खांब नाही. गाइडने त्यांना एका टोकाला उभं केलं आणि स्वतः पार दुसऱ्या टोकाला जाऊन काडी ओढली. कानाशी ओढावी तशी ती चर्रकन ऐकू आली. सिद्धेश दहा-अकरा वर्षांचा असताना इथेच त्याने टाळ्या वाजवून तीनताल धरला होता आणि गाइड त्याच्यावर ओरडला होता. "इथे ना एकदा..." मुक्ताने सुरुवात केली.

"चला, चला, भूलभुलैया राहिला," प्रतिमाने घाईघाईने तिचा दंड धरला.

अंधाऱ्या अरुंद जिन्यांतून मुक्ता त्यांच्यामागून चालत राहिली. वरच्या गच्चीवर आल्यावर कोवळं ऊन होतं. विजया वहीत मिनार काढत बसली. प्रतिमाने शेंगदाण्याची पुडी सोडली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, तीन बायका किती मजेत आहेत.

"आता कुर्ते," प्रतिमा म्हणाली. "अमीनाबादला म्हणे खूप दुकानं आहेत."

"नको, चौक बाजारात जाऊ," मुक्ता म्हणाली. "तिथे एक ओळखीचं दुकान आहे. काम अस्सल असतं."

ते खरंच होतं. पण ते काही कारण नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं.

गोल दरवाज्यातून आत शिरलं की चौकाच्या गल्ल्या लागतात. तिथल्या एका गल्लीत सिद्धेशचे तबल्याचे उस्ताद राहायचे, आणि त्यांच्या घराखाली शमीम मियाँचं चिकनचं दुकान. शाळेत असताना पाच-सहा वर्षं सिद्धेश आठवड्यातून दोनदा इथे यायचा. उस्तादांची दुपारची झोप होईतोवर तो शमीम मियाँच्या गादीवर बसून राही. बारावीच्या वर्षी उस्ताद दिल्लीला मुलाकडे राहायला गेले, शिकवणी संपली. मग परीक्षा, मग कानपूर. मुक्ताचंही इकडे येणं बंद झालं.

शमीम मियाँनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते गादीवरून चक्क उठून उभे राहिले. "अरे! सिद्धेश भैया की अम्मी! आइए, आइए, तशरीफ़ लाइए. कितने दिनों बाद!"

त्याचं नाव. पहिल्या वाक्यात, मोठ्याने, भर दुकानात. मुक्ताच्या अंगात ऊन शिरल्यासारखं झालं. मागे प्रतिमाने श्वास आत ओढलेला तिला ऐकू आला.

शमीम मियाँनी पोऱ्याला काश्मिरी चहा आणायला पिटाळलं, पांढऱ्या चादरीवर कुर्ते उलगडले आणि हात चालवता चालवता विचारलं, "और भैया कैसे हैं? उस्ताद के पास दिल्ली चले गए क्या?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी सांगणार? शमीम मियाँना आणि मुक्ताच्या घराला, दोन्हींना ओळखणारे एक उस्ताद, ते तर निघून गेलेले. मुक्ताने हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं. लखनौमध्ये एक जागा अशी उरली होती जिथे सिद्धेश अजून गेलेला नव्हता.

"हाँ," ती म्हणाली. "दिल्ली में है."

विजयाच्या हातातून कुर्ता निसटला.

"बजाते हैं ना?"

"रोज़ बजाता है. अब तो कथक के साथ भी बैठता है." मुक्ताचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका मोकळा होता तो. "खाने-पीने का होश नहीं रहता. मैं फ़ोन पे डाँटती हूँ."

"और शादी-वादी?"

"अभी कहाँ! बीस का ही तो है."

शमीम मियाँ खुशीत आले. मग त्यांनीही सांगायला घेतलं. गादीवर बसला की याची बोटं गप्प नसायची. समोरच्या लाकडी पेटीवर वाजवत राहायचा. वरच्या मजल्यावर शमीम मियाँची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, कानांनी जवळजवळ बहिरी. पण पेटीची धडधड जमिनीतून तिच्या खाटेपर्यंत पोचायची. सिद्धेश थांबला की ती वरून काठी आपटायची, थांबलास का म्हणून. मग हा हसत पुन्हा सुरू करायचा. एकदा तिला ताप होता, तर उस्तादांचा धडा बुडवून तो सबंध वेळ तिच्यासाठी वाजवत बसला. उस्तादांनी कान पिळला. कशासाठी धडा बुडवला ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मुक्ताला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य आपल्याला पाठ आहे अशा समजुतीत ती सबंध वर्ष तेच तेच उगाळत बसली होती, आणि इथे एक कोरा करकरीत सिद्धेश तिला मिळत होता. "और?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "और बताइए ना."

"मुक्ता," विजया हळूच म्हणाली, "उठू या आता."

"बस गं. चहा येतोय."

चहा झाला. कुर्ते बांधून झाले. निघताना शमीम मियाँ म्हणाले, "आज अम्मी को बताऊँगा. बहुत याद करती हैं."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर विजया रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या फळीवर मटकन बसली आणि रडायला लागली. ती पदर तोंडात धरून रडत होती आणि प्रतिमा तिच्यासमोर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होती.

"तू का रडतेस?" मुक्ताने विचारलं. तिला खरंच राग आला होता. "काल स्टेशनवर रडली असतीस तर चाललं असतं. गेले दोन दिवस तुम्ही माझ्याशी लोणच्याबद्दल बोलताय. विजू, बारशाला तू आली होतीस. त्याचं नाव तू सुचवलंस. आणि तुझ्या तोंडून एकदासुद्धा ते नाव निघू नये?"

"आम्हांला सांगितलं होतं गं!" प्रतिमा एकदम म्हणाली. "निघायच्या आधी दिनकररावांचा फोन आला होता, दोघींनाही. म्हणाले, ती आत्ता कुठे सावरतेय, दोन दिवस हसू-खेळू द्या तिला, कृपा करून त्याचा विषय काढू नका."

शेजारून सायकलरिक्षा घंटी वाजवत जात होत्या.

"मला वाटलं, तुम्ही त्याला विसरलात," ती म्हणाली.

विजयाने तिचा हात ओढून तिला शेजारी बसवलं. मग तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मुक्ता वर्षभराचं रडली.

घरी पोचल्या तेव्हा दिवस मावळत होता. दिनकर अंगणात कोळशाची अंगीठी पेटवत बसला होता. तिघींचे चेहरे पाहून तो काय ते समजला असावा. विजया आणि प्रतिमा मुकाट्याने आत गेल्या. मुक्ता वेताचा मोडा ओढून त्याच्यासमोर बसली.

"अहो, तुम्ही यांना फोन केला होतात?"

"हो."

"का?"

"तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास त्याचं नाव न घेण्याचा होतो. तुम्हांला कधी वाटलं नाही मला विचारावं?"

दिनकर चिमट्याने कोळसे खालीवर करत राहिला. ती उठायच्या बेतात होती, तेवढ्यात तो बोलला.

"उन्नावला ओळख पटवायला मी एकटा गेलो होतो. तुला येऊ दिलं नाही मी."

"माहीत आहे."

"तुला नाही माहीत. म्हणजे, मी काय पाहिलं ते माहीत नाही. आणि ते नसलेलंच बरं." त्याने चिमटा खाली ठेवला. "कुणी सिद्धेश म्हटलं की तुझ्यासमोर तो येत असेल, शाळेतला, तबल्यावरचा. माझ्यासमोर ते येतं, उन्नावचं. दुसरं काही येतच नाही. मी खूप प्रयत्न केला, मुक्ता. त्याचं लहानपण आठवायला बसतो आणि तिथेच जाऊन पोचतो. म्हणून मी उठून जातो. तुझ्यावर रागावून नाही."

वर्षभर ती त्याला दगड समजत आली होती. ती त्याच्याजवळ सरकली. तिने शमीम मियाँनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. पेटी, काठी, बुडवलेला धडा, पिळलेला कान. दिनकर खाली मान घालून ऐकत होता. उठून गेला नाही.

"हे मला नव्हतं माहीत," तो शेवटी म्हणाला.

"मलाही नव्हतं." मग तिने उरलेलंही सांगितलं. "मी त्यांना म्हटलं, तो दिल्लीत आहे. वाजवतो. मला फोन करतो."

दिनकरने वर पाहिलं. ती वाट पाहत होती की तो चिडेल. तो चिडला नाही.

"बरं वाटलं?" त्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली, आणि पुन्हा तिचा बांध फुटला. "पण ते म्हातारीला सांगणार आहेत हो. ती बिचारी खूश होईल."

रविवारी पाहुण्यांची गाडी संध्याकाळची होती. सकाळी धुकं जरा विरळ झाल्यावर दिनकरने स्कूटर काढली आणि म्हणाला, "चल, आपण जाऊन येऊ." विजया आणि प्रतिमा घरी थांबल्या.

दोघांना एकदम दुकानात पाहून शमीम मियाँ फुलून आले. दिनकरला बोलूच देईनात. अम्मीला काल सांगितलं, तिने किती दुवा दिल्या, आज सकाळपासून म्हणते आहे की भैयाच्या अम्मीला एकदा वर आणा. "पाँच मिनट, बस," म्हणत त्यांनी जिन्याचा पडदा बाजूला केला.

वरची खोली लहानशी होती. खाटेवर रजईत एवढीशी म्हातारी. तिने मुक्ताचा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांना लावला आणि हसली. तोंडात दात नव्हते. "दिल्ली में है मेरा बच्चा? बड़ा आदमी बनेगा."

किती सोपं होतं हो म्हणणं. ही म्हातारी अजून किती दिवसांची सोबतीण. तिने मान वळवून दिनकरकडे पाहिलं.

दिनकर पुढे झाला. खाटेशी वाकला. "अम्मा, वो दिल्ली में नहीं है," तो हळू म्हणाला.

"क्या?" म्हातारीने कानामागे हात धरला. "कौन?"

"सिद्धेश."

"हाँ, हाँ, सिद्धेश. दिल्ली में है ना?"

तिला ऐकूच येत नव्हतं. दिनकरने खाटेची पाटी घट्ट धरली. वर्षभर ज्याने ते नाव ओठांवर येऊ दिलं नव्हतं, त्याला ते आता ओरडून म्हणावं लागलं. "सिद्धेश नहीं रहा, अम्मा! हमारा सिद्धेश नहीं रहा!"

खालच्या गल्लीतही ते ऐकू गेलं असणार. दारात उभे असलेले शमीम मियाँ भिंतीला टेकले. "या अल्लाह," ते पुटपुटले. "और मैं कल..." मुक्ताने त्यांच्यासमोर हात जोडले. "मैंने झूठ बोला था, भाईसाहब. माफ़ कर दीजिए." त्यांनी नुसती मान हलवली आणि रुमालाने चष्म्याखालचे डोळे पुसले.

म्हातारी मात्र दिनकरकडे बघत होती. या वेळी तिला ऐकू आलं होतं. तिने त्याला खाली ओढलं, त्याचं अर्धं पिकलेलं डोकं आपल्या खांद्याशी धरलं आणि बारीक आवाजात काहीबाही म्हणत राहिली, लहान मुलाला म्हणावं तसं. पन्नाशीचा दिनकर त्या अनोळखी बाईच्या खाटेशी गुडघे टेकून हुंदके देत होता. उन्नावहून आल्यापासून मुक्ताने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी स्टेशनावर गाडी सुटायला वेळ होता. चौघं प्लॅटफॉर्मवर चहा पीत उभी होती. प्रतिमाने दिनकरकडे पाहिलं, जरा घाबरतच, आणि म्हणाली, "सिद्धेश पाच वर्षांचा असताना तुम्ही पुण्याला आला होतात, आठवतं? आमच्या गॅलरीत डबे उलटे घालून वाजवत बसला होता. वरच्या मजल्यावरचे काका भांडायला आले, तर त्यांनाच म्हणाला, 'आप ताली बजाओ.' ते बिचारे टाळी वाजवून गेले."

विजया हसता हसता रडायला लागली. दिनकर हसला नाही. पण तो तिथून हललाही नाही. "हिंदीत म्हणाला?" त्याने विचारलं.

"हिंदीतच. मराठी समजायचं सगळं, पण बोलायचा कुठे?"

गाडी हलली. दोघी खिडकीतून हात हलवत होत्या. पुढच्या थंडीत पुन्हा येतो असं ओरडून सांगत होत्या. त्या येतील का, कोण जाणे. मुक्ता डब्याबरोबर थोडं चालली आणि थांबली.

परतताना धुकं उतरायला लागलं होतं. निशातगंजचा पूल ओलांडल्यावर दिनकरने स्कूटर कडेला घेतली, बंद केली आणि तो नुसता बसून राहिला.

"दिसत नाहीये का?" मुक्ताने विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "गॅलरीतलं आठवायचा प्रयत्न करतोय. त्याच्या अंगात काय होतं गं तेव्हा?"

"निळा स्वेटर. तुमच्या आईने विणलेला. बाह्या लांब झाल्या होत्या, दुमडायला लागायच्या."

दिनकरने डोळे मिटले. त्याला तो स्वेटर दिसला की पुन्हा ते उन्नावचंच दिसलं, हे तिने विचारलं नाही. तिने मागून त्याच्या कोटाला धरलं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे धुक्यात मोठे मोठे होत जवळून निघून जात होते. तो पुन्हा स्कूटर सुरू करीपर्यंत ती तशीच बसून राहिली.